किनाऱ्याची प्रतबंदी

करवीरच्या छत्रपतींच्या मुलखाला एके काळी समुद्र होता, ही गोष्ट पंचगंगेच्या घाटावर वाढलेल्या आजच्या कोल्हापूरकरास सांगितली तर तो क्षणभर साशंक होईल. परंतु मालवणचे बंदर आणि त्याच्या भोवतीचे सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हे किल्ले करवीर दरबाराच्या अमलाखाली होते, कोल्हापूरच्या गलबतांच्या उपद्रवाविषयी मुंबईकर इंग्रजांच्या तक्रारी सतत चालू असत, आणि अखेर १८१२ सालच्या तहाने तो किनारा दरबारास कंपनी सरकारच्या हवाली करावा लागला. तेव्हापासून कोल्हापूरचा समुद्राशी संबंध उरला तो बहुतांशी घाट चढून येणाऱ्या मासळीपुरता. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर यांच्याबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन सागरी जिल्हेही त्याच्या अधिकारकक्षेत आले, तेव्हा एका निराळ्याच वाटेने तो किनारा पुन्हा कोल्हापूरच्या दफ्तरात दाखल झाला. उद्या देवगडच्या वा मालवणच्या समोर एखाद्या जहाजाचे इंधन सांडले आणि शासनाने आपले कर्तव्य बजावले नाही अशी तक्रार घेऊन एखादी मच्छीमार सोसायटी रिट अर्ज करू लागली, तर तिच्या वकिलास करूळचा किंवा फोंड्याचा घाट चढून याच शहरात यावे लागेल. त्या अर्जात तो कोणत्या कायद्याचे कोणते कलम दाखवील, याचा विचार आजच करून ठेवणे अप्रस्तुत होणार नाही.

समुद्रात तेल सांडले की वाचवावे असे पुष्कळ असते आणि वाचवण्याची साधने मोजकी असतात. तेलाला अडवणारे तरंगते पट्टे, ज्यांना तटरक्षक दलाची माणसे बूम म्हणतात, ते काही सबंध जिल्ह्याच्या किनाऱ्याला पुरत नाहीत. ते एखाद्या खाडीच्या मुखाशी लावता येतात, आणि एका खाडीशी लावले म्हणजे शेजारची खाडी उघडी राहते. वारा आणि प्रवाह अनुकूल असतील तर तवंग काही तासांत किनाऱ्याला टेकतो. कोणती खाडी राखायची आणि कोणती पुळण सोडून द्यायची, हा निर्णय त्या रात्री पावसात टेलिफोनवर घेण्याजोगा नसतो. तो शांतपणे, जाणत्यांना विचारून, आधीच घेऊन ठेवलेला असावा लागतो, आणि अशा पूर्वनिर्णयाचे लेखी रूप म्हणजेच ज्याला तज्ज्ञ संवेदनशीलता-नकाशा म्हणतात तो.

या नकाशाचे शास्त्र फार जुने नाही. १९७४ साली मॅगेलनच्या सामुद्रधुनीत मेटुला नावाचे तेलवाहू जहाज रुतले आणि त्यातले तेल तेथील निर्जन किनाऱ्यावर पसरले. कोणत्या जातीच्या किनाऱ्यावर ते किती काळ टिकते, याची निरीक्षणे तेथे आणि पुढच्या काही अपघातांत झाली, व त्यांच्या आधारे गुंडलाख आणि हेज या दोन अमेरिकी भूशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये किनाऱ्यांची एक ते दहा अशी प्रतवारी मांडली. पुढल्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातातील इक्स्टॉक विहिरीचे तेल टेक्सासकडे सरकू लागले, तेव्हा ते पोहोचण्यापूर्वी घाईघाईने त्या किनाऱ्याचे नकाशे तयार झाले.

ही प्रतवारी आपल्या ओळखीच्या जागेवर लावून पाहिली म्हणजे तिचे मर्म ध्यानात येते, आणि ते सामान्य माणसाच्या अपेक्षेच्या नेमके उलट आहे. राजकोटासमोरच्या उघड्या खडपांवर तेलाचा काळा लेप चढला तर वृत्तपत्रांत छायाचित्रे त्याचीच येतील. परंतु पावसाळी लाटांचा मारा त्या खडकांना माणसाच्या हातापेक्षा अधिक सफाईने धुऊन काढतो, म्हणून प्रतवारीत त्यांचा क्रम पहिला, म्हणजे काळजीच्या दृष्टीने शेवटचा. तारकर्लीसारख्या बारीक, घट्ट वाळूच्या पुळणीवर तेल बहुधा वरच राहते व ते खरवडून काढता येते. वाळू जाडी असेल तर ते खाली मुरते आणि काम अवघड होते. याउलट त्याच मालवणात, कोळंबच्या खाडीत किंवा कर्ली नदीच्या काठी, जिथे पाणी संथ असते आणि पर्यटकाचा कॅमेरा सहसा पोहोचत नाही, तिथे चिखलातून वर आलेली कांदळवनाची बोटभर लांबीची श्वासमुळे तेलाने लिंपली गेली की झाड गुदमरते. ते एका दिवसात मरत नाही. पाने पिवळी पडतात, गळतात, आणि पुढील हंगामांत केव्हातरी ते वाळून जाते, तोवर पंचनामा करणारा अव्वल कारकून केव्हाच बदलून गेलेला असतो. चिखलात शिरलेले तेल वर्षानुवर्षे तिथेच राहते. ते काढावयास माणसे उतरवली तर त्यांच्या पायांनी ते अधिक खोल दाबले जाते. म्हणून कांदळवने आणि खाडीतले चिखलवट भाग यांना प्रतवारीत नववा-दहावा क्रमांक, म्हणजे राखण्याच्या कामी पहिला मान. ज्या चिखलात तिसऱ्या आणि कालवे काढून कित्येक स्त्रिया घर चालवतात, तोच हा भाग.

शास्त्राला कायद्याचे बळ मिळाले ते अमेरिकेत, आणि तेही ठेच लागल्यावर. २४ मार्च १९८९ रोजी एक्सॉन व्हाल्डेझ हे जहाज अलास्कात खडकावर आदळले. त्या तेलगळतीने उसळलेल्या संतापातून १९९० चा तेलप्रदूषण अधिनियम जन्मास आला, आणि त्याने किनाऱ्याच्या प्रत्येक विभागासाठी आकस्मिक योजना सक्तीची केली व त्या योजनेत संवेदनशील स्थळांची नोंद असलीच पाहिजे असे ठरवले. नकाशा हा अभ्यासकांच्या हौसेचा विषय न राहता शासनावरील बंधन झाला, हे या अधिनियमाचे वैशिष्ट्य. तथापि नकाशा काढणे आणि तो ताजा ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचा अनुभव त्या संपन्न राष्ट्रालाही आला: तेथील पंचमहासरोवरांच्या काठांचे नकाशे दोन-तीन दशके तसेच पडून राहिले, आणि ते नव्याने करावेत एवढ्यासाठी एक स्वतंत्र कायदा २०२१ च्या जानेवारीत करावा लागला.

आपल्याकडे मुंबई हायचे तेल १९७४ मध्ये सापडले. समुद्रतळावरून नळ टाकून ते किनाऱ्यावर आणण्यात येऊ लागले, आणि १९९३ च्या मे महिन्यात त्यांतील एक मुख्य नळ फुटला. सागरी तेलगळतीच्या प्रतिकाराची जबाबदारी १९८६ मध्येच तटरक्षक दलाकडे सोपवण्यात आली होती. १९९६ मध्ये राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आकस्मिक योजना जारी झाली, आणि पुढील वर्षी भारताने या विषयावरील १९९० च्या आंतरराष्ट्रीय करारात प्रवेश केला. या योजनेतील कामाची वाटणी वाचकाने नीट ध्यानी घ्यावी, कारण सगळी गोम तिच्यात आहे. खुल्या समुद्रात जबाबदारी तटरक्षक दलाची. बंदराच्या हद्दीत बंदराच्या व्यवस्थापनाची. तेलविहिरींच्या मंचांभोवती ५०० मीटरच्या आत तेल कंपनीची. आणि तेल एकदा वाळूला लागले की जबाबदारी राज्य शासनाची, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकाऱ्याची, त्याच्या खाली मामलेदाराची, आणि सर्वांत शेवटी ग्रामपंचायतीची. पाण्यावर ज्यांचा अंमल त्यांच्यापाशी जहाजे, विमाने आणि तवंगाचा मार्ग वर्तवणारी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची संगणकप्रणाली आहे. जमिनीवर ज्याच्यावर भार पडतो त्याच्यापाशी बहुधा फावडी आणि बादल्या असतात. ही अतिशयोक्ती नव्हे: २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळ एण्णूर येथे दोन जहाजांची टक्कर झाल्यावर शेकडो माणसांनी बादल्यांनी तेल उपसल्याचे दृश्य सबंध देशाने पाहिले आहे.

महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले दोन प्रसंग विशेष उद्बोधक आहेत, आणि दोन्ही ऑगस्टमधले आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, त्यांतील काहींत कीटकनाशके होती, बंदराची वाहतूक काही दिवस ठप्प झाली, आणि रायगडच्या बाजूची कांदळवने काळवंडली. एक वर्ष पुरते झाले नाही तोच, ४ ऑगस्ट २०११ रोजी, एम. व्ही. राक हे साठ हजार टनांहून अधिक कोळसा घेऊन दहेजकडे निघालेले जहाज मुंबईपासून सुमारे २० सागरी मैलांवर बुडाले आणि त्याच्या टाक्यांतील इंधन झिरपू लागले. या दुसऱ्या प्रकरणात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २३ ऑगस्ट २०१६ रोजी जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळशाच्या मालक अदानी एंटरप्रायझेसला ५ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठोठावली. निर्णय गाजला व तो गाजावा असाच होता. परंतु १०० कोटी ही रक्कम ढोबळ आहे. कोणत्या खाडीतील किती कांदळवन गेले, किती शिंपल्यांचे क्षेत्र नासले, कोणत्या रापणीचा किती हंगाम बुडाला, अशी बेरीज करून ती आलेली नाही. आणि तशी बेरीज करता येण्यास अपघातापूर्वी तेथे काय होते याचा अधिकृत दस्तऐवज हवा. २५ मे २०२५ रोजी कोचीसमोर एमएससी एल्सा-३ बुडाले तेव्हा केरळ शासनाने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला. असे दावे उलटतपासणीत टिकतात की नाही, हे पुष्कळ अंशी अशा पूर्वनोंदींवर अवलंबून राहते. नकाशाचा उपयोग अपघाताच्या रात्रीपुरता नाही. तो पुढे न्यायालयातला पुरावा असतो.

मग आपल्या किनाऱ्याचे नकाशे नाहीतच काय? आहेत, आणि विपुल आहेत. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली किनारा नियमन अधिसूचना निघाली. २०११ आणि २०१९ मध्ये तिच्या नव्या आवृत्त्या आल्या, आणि त्यांच्या अन्वये १:२५,००० या प्रमाणावर, व स्थानिक वापरासाठी १:४,००० या प्रमाणावर, नकाशे करण्याचे फर्मान सुटले. कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, कासवांची विणीची स्थाने, पक्ष्यांच्या घरट्यांच्या जागा या साऱ्यांना त्यांत सर्वोच्च संरक्षणाच्या एकाच वर्गात घातले आहे. एवढेच नव्हे, तर मालवण आणि आचरा-रत्नागिरी या पट्ट्यांची नावे अधिसूचनेने अतिसंकटग्रस्त किनारी क्षेत्रांच्या यादीत, सुंदरबन आणि मन्नारच्या आखाताच्या पंक्तीला, बसवली आहेत. परंतु हे सारे नकाशे एकाच प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी काढलेले आहेत: येथे बांधकाम करता येईल की नाही? ते निषेधाचे नकाशे आहेत. एका वर्गात घातलेल्या दहा गोष्टींतून आधी कोणती वाचवावी, कोणत्या किनाऱ्यावर यंत्र न्यावे आणि कोणत्यावर माणसाचे पाऊलही पडू देऊ नये, बूमचा दोर कोणत्या खडकाला बांधावा, मोटार कुठवर जाते, हे त्यांत शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय त्यांची सरहद्द १२ सागरी मैलांवर संपते. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा जो आंग्रिया बँक नावाचा बुडालेला प्रवाळी उंचवटा आहे, तो या कागदांच्या बाहेरच राहतो. मोजमापाच्या बाबतीत तर आपली स्थिती अशी की, देशाच्या किनाऱ्याची ७,५१६ किलोमीटर ही आपण शाळेपासून घोकलेली लांबी अलीकडे अधिक सूक्ष्म प्रमाणावर फेरमोजणी केल्यावर ११,०९८ किलोमीटर निघाली, आणि महाराष्ट्राची सुमारे ६५२ वरून ८७७ वर गेली. वाढलेली लांबी कोठून आली? ती खाड्यांच्या वळणांतून आली, म्हणजे नेमकी जिथे तेल जाऊन बसते त्या भागातून.

निषेधाची रेषा आणि प्रतिकाराचा क्रम यांतला भेद कोल्हापूरकराला समजावून सांगण्याची गरज पडू नये. निळी आणि लाल पूररेषा ही बांधकामाची गोष्ट. तिच्यावर बिल्डर, नगररचना खाते आणि पाटबंधारे खाते यांची वर्षानुवर्षे हुज्जत चालते. राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी ही मात्र प्रतिकाराची गोष्ट. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. कोणत्या फुटाला कोणता रस्ता बंद होतो, जयंती नाल्याचे पाणी कोठवर मागे फुगते, आणि सर्वांच्या आधी सुतारवाड्यातील कुटुंबे हलवावी लागतात, हे येथल्या रिक्षावाल्यालाही ठाऊक असते. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या पलीकडे गेले तेव्हा ही शिडीही अपुरी पडली हे खरे, पण शिडी होती. कोकणच्या किनाऱ्याला निळ्या-लाल रेषा पुष्कळ मिळाल्या आहेत. त्याला सुतारवाडा कोणता, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

या नकाशाला आणखी एक परिमाण हवे, ते महिन्यांचे. वेळासपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पुळणींवर ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यात अंडी घालतात आणि पिले उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत समुद्रात जातात. त्या काळात जी वाळू अग्रक्रमाची, ती ऑगस्टमध्ये तितकी नसते. जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, म्हणजे मदतीला उतरणारी स्थानिक नौकाच पाण्यात नाही. आणि त्याच दिवसांत नैर्ऋत्येचा वारा समुद्रावरचे सर्व काही किनाऱ्याकडे लोटत असतो. गोव्यात व दक्षिण कोकणात दर पावसाळ्याच्या तोंडावर वाळूत डांबराचे गोळे येऊन पडतात. दोना पावलेच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्यांचे रासायनिक पृथक्करण करून काहींचा माग मुंबई हायच्या तेलाकडे तर काहींचा बाहेरून येणाऱ्या तेलजहाजांच्या टाक्या धुण्याकडे लावला आहे. ३० मे २००६ रोजी कारवारसमोर ओशन सेराया हे जहाज खडकावर चढले, तेव्हा तर तेलाने कर्नाटक-गोव्याची सरहद्द ओलांडली होती. राज्याराज्यांनी आपापल्या हद्दीपुरता नकाशा काढून भागणार नाही, हे सांगण्यास एवढा दाखला पुरे.

आता अडचणी. पैसा ही त्यांतली सर्वांत लहान. १:४,००० चे कागद तयारच आहेत, त्यांवर दुसरा रंग भरावयाचा आहे. खरी अडचण भीतीची आहे. २०११ च्या गाडगीळ समितीच्या अहवालानंतर कोल्हापूरच्या पश्चिमेकडील तालुक्यांत आणि सिंधुदुर्गात गावांच्या याद्या फिरू लागल्या, आणि आपले गाव संवेदनशील ठरले म्हणजे घराला खोली वाढवता येणार नाही, अशी समजूत, काही खरी व पुष्कळशी कोणीतरी पसरवलेली, घरोघर रुजली. मालवणच्या सागरी अभयारण्याला, १९८७ पासून, मच्छीमारांचा जो विरोध आहे त्याचेही मूळ याच धास्तीत आहे. त्यामुळे पुन्हा कोणी नकाशे घेऊन गावात आले की लोक दार लावून घेतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही. यावर उपाय एकच दिसतो: हा नकाशा कोणत्याही परवानगीस वा मनाईस आधार म्हणून वापरता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद नियमातच असावी. पर्यावरणवादी मित्रांना हे रुचणार नाही. एवढी मौल्यवान माहिती हाती आल्यावर तिने बांधकामे का रोखू नयेत, असे ते विचारतील. माझे उत्तर असे की, बांधकामे रोखण्यास अधिसूचना आहे, ती राबवावी. दोन कामे एका कागदावर लादली की लोक दोन्ही फाडून टाकतील. आणि रापण ओढणारा म्हातारा, ज्याला कोणत्या उधाणाला पाणी कोठे वळते हे पाठ असते, त्याने तोंड उघडल्याशिवाय उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला नकाशा अर्धाच राहील.

नव्या अधिनियमाची वाट पाहण्याचेही कारण नाही. १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमाच्या जागी संसदेने २०२५ मध्ये नवा अधिनियम आणला. त्याचा भर जहाज, त्याचा मालक आणि त्याचे दायित्व यांवर आहे, आणि जहाजविषयक कायद्याने किनाऱ्याची प्रतबंदी करावी ही अपेक्षाही अस्थानी ठरेल. राष्ट्रीय आकस्मिक योजना ही प्रशासकीय योजना आहे. ती पाळली नाही म्हणून कोणा अधिकाऱ्यास न्यायालयात खेचणे कठीण. परंतु २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाचे कलम ३१ वेगळे आहे. प्रत्येक जिल्ह्याने योजना केलीच पाहिजे, तीत निरनिराळ्या आपत्तींना बळी पडू शकणाऱ्या क्षेत्रांचा निर्देश असलाच पाहिजे, आणि तिचा दरवर्षी फेरआढावा झालाच पाहिजे, असे ते निःसंदिग्ध शब्दांत सांगते. तेलगळती ही आपत्ती नव्हे असे कोणताही सरकारी वकील म्हणू धजणार नाही. तेव्हा आरंभी ज्या वकिलाचा उल्लेख केला त्याने कोल्हापूरच्या बेंचसमोर दाखवावयाचे कलम हेच. भरपाईसाठी त्याला पुण्याला हरित न्यायाधिकरणाकडे जावे लागेल, पण जिल्हा योजनेत नकाशा का नाही, हा जाब त्याला येथेच विचारता येईल. आणि शासनाला त्या वेळेपर्यंत थांबायचे नसेल, तर त्याच अधिनियमाचे कलम ७८ राज्यास नियम करण्याचा अधिकार देते: सात सागरी जिल्ह्यांच्या योजनांत, मुंबईसह, खाडीनिहाय व महिनानिहाय अग्रक्रम, मराठी स्थलनामांसह, अमुक मुदतीत जोडावेत, एवढ्या दोन-चार ओळींचा नियम. त्याचा मसुदा मंत्रालयात एका दिवसात होऊ शकतो आणि त्याला दिल्लीच्या मंजुरीची गरज पडत नाही.